सायबांचा डायनामो

बेंदराच्या सणाआधीचा रविवार, सकाळची वेळ. रक्कम रुपये पाच हजार चारशे. हजर मंडळी : मी, माझी बायको, तिचे थोरले मामा, मामी, शेजारचे तात्या, ढकलायला आलेली चार गावकरी मंडळी आणि मामींच्या दोन म्हशी. एवढ्या साक्षीदारांच्या देखत मामांनी पाच हजार चारशे रुपयांच्या डायनामोचा धूर काढला. धूर आधी निळा आला, मग काळा आला, मग म्हशी दावी ओढायला लागल्या. मामा मात्र ट्रॅक्टरच्या सीटवरून खाली वाकून मोठ्या कौतुकानं म्हणाले, "चालतोय की! चालल्याबिगार जळंल कसा?"

बिघडलेल्या यंत्रावर इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, असं मी लिहून द्यायला तयार आहे. आणि मी सहसा कुणाला काही लिहून देत नाही. पतसंस्थेत हिशेब तपासण्याचं माझं काम. बिल बघितल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. मामांचा उलट कुठल्याच बिलावर, कुठल्याच मेकॅनिकवर आणि चालू स्थितीतल्या कुठल्याच वस्तूवर विश्वास नाही. एखादी वस्तू निमूट चालायला लागली की त्यांना तिचा संशय येतो. आम्ही नवा मिक्सर घेतला तेव्हा त्यांनी तो कानाशी धरून हलवून पाहिला, आतून काहीच वाजेना म्हणून नाराज झाले आणि म्हणाले, "ह्याच्यात काय जीव न्हाय, पावणं." घरात त्यांनी हात लावला नाही अशी वस्तू नाही. फडताळाची खिटी म्हणजे इंजिनचा जुना व्हॉल्व्ह, दाराला टेकण म्हणून पिस्टन, आणि चहाची गाळणी कशाची आहे ते मी एकदाच विचारलं, पुन्हा विचारलं नाही.

या सगळ्या संसाराचा यजमान म्हणजे त्यांचा ट्रॅक्टर. मामांच्या वडिलांनी तो घेतला तेव्हा तो नवा होता की नव्हता हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. मामा थोरले की ट्रॅक्टर थोरला, यावरही घरात एकमत नाही. तो विलायतेहून आलेला, म्हणून मामा त्याला 'सायब' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. बायकोला 'अगं', शेजाऱ्याला 'आरं', मला जावई म्हणून 'पावणं', आणि ट्रॅक्टरला 'सायब'. तब्येत बघायची असली की ताक घुसळायची रवी घ्यायची, तिचं एक टोक इंजिनवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. "सायबांचं टायमिंग जरा मागं हाय." माझ्या मुलीला खोकला झाला तेव्हा त्यांनी तीच रवी तिच्या पाठीला लावली आणि तिचंही टायमिंग मागं असल्याचं सांगितलं. त्यांच्या घरच्या ताकाला डिझेलचा मंद वास येतो. आम्हाला आता तो नसला तर चुकल्यासारखं होतं.

मामांची दुसरी सवय उताराची. सायबांना हँडल मारून सुरू करायचा प्रयत्न त्यांनी तरुणपणी एकदा केला; तेव्हा हँडलनंच मामांना मारलं आणि मनगट पंधरवडाभर गळ्यात अडकवलेलं होतं. तेव्हापासून उतार हा त्यांच्या जगण्याचा आधार झाला. मोटरसायकल उतारावर लावायची, सायकल उतारावर लावायची. आमच्या घरी आले की गाडी गल्लीच्या वरच्या टोकाला ठेवून चालत खाली यायचं. माझ्या लग्नात सगळे मामा हॉलचं भाडं विचारत होते, तेव्हा या मामांनी हॉलच्या व्यवस्थापकाला विचारलं, "रस्ता कुणीकडं उतरतोय?" घरासाठी जागा घेतानाही त्यांनी अशी बघून घेतली की फाटकाबाहेर पाऊल टाकलं की थेट खाली घसरावं. चूक एवढीच झाली की गोठ्याच्या छपरापासून फाटकापर्यंतचा तुकडा सपाट निघाला. आणि सायब राहतात छपरात.

या सपाट तुकड्यावर एक अख्खी सकाळ उभी होती. गावातली मंडळी डेअरीत दूध घालून, रिकाम्या किटल्या हलवत याच वाटेनं परततात. मामा सीटवर चढून बसलेले असत. मंडळी किटल्या कट्ट्यावर ठेवत, लेंगे वर खोवत आणि सायबांच्या मागे उभी राहत. तात्या हे एसटीचे निवृत्त कंडक्टर. ते ढकलत नसत. ते मडगार्डवर पान्ह्यानं दोन टोले मारत. डबल बेल पडल्याशिवाय कुणी जोर लावायचा नाही असा नियमच होता. "पुढं सरका! मागच्या दाराला गर्दी करू नका!" कांबळे गुरुजी एका हातानं ढकलत आणि दुसऱ्या हातातल्या पेपरातला मथळा मोठ्यानं वाचत. फाटक ओलांडलं की सायब आपल्या वजनानं खाली जात, मामा गिअर टाकत, एक धक्का, एक खोकला, काळ्या धुराचा एक लोट, आणि मंडळी ओरडत, "झाला! झाला!" जणू घरात पोरगंच जन्मलं. मग मामी मोठ्या किटलीतून चहा आणायच्या. दुधाची फॅट, उसाचं बिल, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, सगळं त्या चहावर व्हायचं. एवढं होऊन सायब काय काम करायचे म्हणाल, तर रानातून म्हशींसाठी गवताचा एक भारा आणायचे. तो भारा मामी डोक्यावरून आणू शकल्या असत्या, आणि त्याआधी पुष्कळ वर्षं आणतही होत्या.

घोटाळा उन्हाळ्यात झाला. ढकलताना गुरुजींच्या कमरेत उसण भरली आणि त्यांची सून जाब विचारायला आली. त्याच आठवड्यात हायवेवरचा एक ढाबेवाला सायबांना बघून गेला. ढाब्याच्या दारात सिमेंटचा चौथरा बांधायचा, वर ट्रॅक्टर ठेवायचा, गिऱ्हाइकांनी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून झाला की त्यावर बसून फोटो काढायचे, असा त्याचा बेत होता. मामांचा चेहरा असा झाला की जणू कुणी वडिलांनाच चौथऱ्यावर बसवायला मागतंय. पण मामींनी त्या माणसाला पाणी दिलं, चहाही दिला, आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "अवं, माझ्या म्हशी पावसात भिजत्यात आन् तुमचं लोखंड कोरडं ऱ्हातंय. ह्यात कुटला न्याय?"

मामा म्हणाले, "अगं, सायबास्नी सेल्फ हाय. नुसता डायनामो बसवला की झालं. बटण दाबलं की सुरू."

"मग बेंदरापातूर करून दावा. वेशीत, गावाच्या म्होरं, बंद करायचा आन् बटणानं सुरू करायचा. कुणी हात लावायचा न्हाय. झाला तर ऱ्हाऊ दे. न्हाय झाला तर ढाब्यावर." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि लगेच परत आल्या. "आन् दुकानातनं बॅटरी भरून आणायची न्हाय. म्या काय येडी न्हाय. सायबांनी सोताचं सोता मिळवून खाल्लं पायजे."

मामींची शाळा चौथीपर्यंत, पण असा कडक करार मी आमच्या पतसंस्थेतही पाहिलेला नाही. पळवाट शिल्लकच नव्हती. सायबांच्या मूळ डायनामोच्या जागी मामांनी कधीकाळी पट्टा ताणून राहावा म्हणून लाकडाचा ठोकळा बसवला होता. ठोकळ्यातून वीज निघणार नव्हती. म्हणून नवा डायनामो आला. पैसे माझे, अक्कल मामांची, अशी वाटणी ठरली. बायको म्हणाली, "उलट केलं असतं तरी चाललं असतं."

जोडणी तशी अवघड नाही. डायनामो वीज तयार करतो. ती थेट बॅटरीत सोडली तर भसाभसा जाते, म्हणून मध्ये एक काळी डबी असते. तिला सगळे कटआउट म्हणतात. बॅटरी भरत आली की ही डबी डायनामोला लगाम घालते. मी आकृती छापून आणली होती. मामांनी लग्नाच्या मांडववाल्याकडून वायरचं भेंडोळं आणलं होतं, सगळी वायर हिरवी. कुठली कुठं जाते ते कसं ओळखायचं, असं मी विचारलं तर मामांनी वायरींना नावंच ठेवली. डायनामोची वीज आणणारी जाड ती थोरली. लगाम घालणारी बारीक ती धाकटी. आणि डबीतून बॅटरीकडं जाणारी ती माहेरवाशीण. "धाकटी सुटली तर घर थंड," मामा मला समजावत होते. "डायनामो नुसता फिरतोय, कमाई शून्य." आकृतीतही अगदी तेच लिहिलेलं होतं, फक्त कंटाळवाण्या भाषेत. थोरली, धाकटी, माहेरवाशीण, सगळ्या आपापल्या जागी बसल्या. मी तीनदा ताडून पाहिलं. मंडळींनी ढकललं, सायब सुरू झाले, आणि वर सांगितलेला धूर निघाला.

जळकी कॉइल मी कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन पुन्हा भरून घेतली आणि बेंदराच्या आदल्या संध्याकाळी डायनामो परत आणला. पण धूर का झाला तेच कळत नव्हतं. कारण न कळता तोच डायनामो पुन्हा लावणं माझ्या स्वभावात बसत नाही. मामांच्या स्वभावात दुसरं काहीच बसत नाही. "परवा रविवार हुता, पावणं. उद्या सण हाय. सणाला सायब असं करायचं न्हाईत." या कारणावर मी डायनामो बसवू दिला, पण पट्टा चढवू दिला नाही.

बेंदराला आमच्याकडं बैलांची शिंगं रंगवतात. मामांकडं बैल नाहीत, म्हणून ते दरवर्षी सायबांना रंगवतात. सगळंच्या सगळं, नटबोल्टसकट. रंग विकत आणायचा नाही. गावात ज्याच्या घराचं, फाटकाचं, न्हाणीचं रंगकाम होऊन डब्यात उरलं असेल ते मागून आणायचं. यंदा सायब पिस्त्याच्या रंगाचे होते. सकाळी मामी पुरणपोळीचा नैवेद्य आणि कुंकू घेऊन आल्या. करार एकीकडं आणि पूजा एकीकडं, असं त्यांचं असतं. काळ्या डबीशेजारी कुंकू लावायला त्यांनी बोट दाबलं, तर रंगाचा भाकरीएवढा पापुद्रा सुटून त्यांच्या हातात आला. त्या भडकल्या. "किती थर चढवलेत वो! माझ्या तव्यावर असा थर बसला तर भाकरी जन्मात भाजायची न्हाय!"

मामा हसले. मला हसू आलं नाही. मी डबीकडं बघत राहिलो. डबीचा एक धागा आकृतीत जमिनीकडं जाताना दाखवतात. म्हणजे डबीचा पत्रा ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला टेकलेला पाहिजे. आमची डबी लोखंडाला टेकलेलीच नव्हती. ती गेल्या कित्येक बेंदरांच्या रंगावर बसली होती. लगाम घालणाऱ्याचे पाय जमिनीलाच लागत नव्हते, मग डायनामो उधळणार नाही तर काय करणार! मी बल्ब आणि वायर घेऊन बघितलं. रंगावर टेकवलं तर बल्ब मेलेला. नटाच्या टोकाला जिथं रंग उडाला होता तिथं टेकवलं तर पिवळा उजेड पडला.

"मामा, रंग खरवडायला लागणार."

आयुष्यात पहिल्यांदा मामा माझ्यावर चिडले. "सायबांची कातडी काढायची? सणादिवशी?"

"रुपयाएवढी जागा पुरे."

"तुमच्या घरच्या रुपायाएवढी काढा!"

शेवटी मामीच म्हणाल्या, "खरवडा, न्हायतर ढाबेवाला पुसून काढंल समदं." मग मामांनी स्वतः खिशातून नाणं काढलं आणि डबीखालचा रंग खरवडायला बसले. पिस्ता निघाला, त्याखाली गुलाबी निघाला. "ह्यो गुरुजींच्या न्हाणीचा." त्याखाली निळा. "शाळंच्या फाटकाचा." भगवा निघाला तो देवळाच्या शिखराचा. पिवळ्यावर ते थांबले. तात्या जवळ येऊन वाकून बघायला लागले. "माझ्या पोरीच्या लग्नाचा," ते म्हणाले. "दोन डबं उरलं हुतं." त्याखाली एक मळकट पांढरा निघाला. मामी म्हणाल्या, "आपलं घर नवं बांधलं तवाचा." मग लोखंड लागलं. करडं, चमकदार, अगदी तरुण. मामांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसलं.

पट्टा चढवला, मंडळींनी ढकललं, तात्यांनी डबल बेल दिली. सायब खोकलून सुरू झाले. चार्जिंगचा काटा आधी थरथरला, मग हळूच डावीकडून उजवीकडं झुकला आणि तिथंच बसला. धूर नाही. दिवसभर मामांनी इंजिन बंद केलं नाही आणि जेवायलाही घरात आले नाहीत. पुरणपोळी सीटवर बसून खाल्ली, डोळा काट्यावर.

संध्याकाळी वेशीत कर तोडायला गाव जमलं. पानं बांधलेला दोर आडवा टांगलेला, बैल त्याखालून पळत गेले. सगळ्यांत शेवटी सायब दिवे लावून आले. ढाबेवालाही आला होता. त्यानं येताना मापाची टेप आणली होती. मामींनी हात वर केला. "बंद करा."

मामांनी इंजिन बंद केलं. दिवे मंद झाले. लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. मामांनी बटण दाबलं. सायब एकदा कण्हले. मामांनी बोट काढलं, कपाळाला लावलं, पुन्हा दाबलं. खर्र, खर्र, खर्र. माझ्या शेजारी कुणीतरी पुटपुटत होतं, "उठ, बाबा, उठ." मी वळून बघितलं, तर मामी. आणि सायब उठले. धुराचा लोट, एक गर्जना, आणि कराचा दोर सायलेन्सरमध्ये अडकून तटकन तुटला. तात्यांनी पान्हा हवेतच दोनदा हलवला. ढाबेवाल्यानं टेप गुंडाळली.

जिंकल्यावर मामांनी एक गोष्ट केली, ती त्यांना कुणी सांगितली नव्हती. दुसऱ्याच दिवशी सायबांना छपराबाहेर काढलं, वर ताडपत्री घातली आणि म्हशी छपरात बांधल्या. "आता सायब भिजलं तरी बटणानं उठत्यात," ते म्हणाले.

पण डेअरीवरून परतणारी मंडळी आता फाटकाशी थांबेनात. "काय मामा, झालं न्हवं सुरू? बरं झालं," म्हणत किटल्या हलवत पुढं जायची. तात्या दोन-तीन दिवस पान्हा घेऊन आले, इकडं तिकडं बघून परत गेले. मामा बटण दाबायचे, सायब लगेच सुरू व्हायचे. मामा थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे. रवी भिंतीला टेकून असायची. फोनवर मामी माझ्या बायकोला म्हणाल्या, "हे बोलंनात ग. चा बी मोठ्या किटलीत करती, आन् गार करून वतती."

पुढच्या महिन्यात मी गेलो तेव्हा फाटकात गर्दी दिसली. गुरुजी कमरेला पट्टा लावून, पेपर घेऊन उभे. "पुढं सरका!" तात्या ओरडत होते. मामा सीटवर, चेहरा कसा उजळलेला. "सायब परत रुसलं, पावणं! चार्जच धरंनात. चला, तुमीबी हात लावा."

मी हात लावला. सायब उतारावर गेले, पेटले, परत आले. मंडळी चहाला बसली. मी बाजूला वाकून काळ्या डबीचं झाकण उघडलं. थोरली जागेवर होती, माहेरवाशीण जागेवर होती. धाकटी काढून बाजूला ठेवलेली होती, आणि तिच्या उघड्या टोकाला हिरव्या चौकडीच्या फडक्याचा तुकडा बांधलेला होता. बांधणी ओळखीची होती. मामींच्या लोणच्याच्या बरणीला त्याच फडक्याचा दादरा, तशाच गाठीनं बांधलेला असतो.

मी मान वर केली. मामी दारात मोठी किटली घेऊन उभ्या होत्या.

"पावणं, चा घ्या," त्या म्हणाल्या. "लई खोलात बघू नगासा."

मी झाकण लावलं. मामांना हे ठाऊक आहे की नाही, मला सांगता येणार नाही. रवी टेकवून टायमिंग सांगणाऱ्या माणसाला एक सुटलेली वायर कळत नसेल, असं मला वाटत नाही. पण त्यांनी सगळा ट्रॅक्टर उघडून बघितला, टाकी उघडली, पंप उघडला, डायनामोसुद्धा पुसला. त्या डबीच्या झाकणाला मात्र हात लावलेला मी कधी पाहिला नाही.

डायनामोचे पैसे मामा देऊ करत होते, मी घेतले नाहीत. गाव सोडण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन किलो साखर आणि अर्धा किलो चहापत्ती घेतली, परत फिरलो आणि मामींच्या हातात दिली.